भूक, भीती आणि रझाकारी

इतिहासाच्या पेपरात एक प्रश्न ठरलेला असे. 'जर्मनीत नाझी पक्षाचा उदय होण्याची कारणे लिहा.' गुण पाच. उत्तरही ठरलेले. व्हर्सायचा अपमानकारक तह, चलनफुगवटा, बेकारी, साम्यवादाची भीती आणि हिटलरचे वक्तृत्व. पाच कारणे, पाच गुण, पुढचा प्रश्न. बाकांवर बसलेली बरीचशी मुले सकाळी शिळी भाकरी खाऊन तीन-चार कोस पायी आलेली असत. 'बेकारी व उपासमार यांमुळे लोक हुकूमशहाच्या मागे गेले' हे वाक्य ती मान खाली घालून लिहून घेत.

मित्रहो, उत्तर चुकीचे नाही. पण माझे मन त्या बेकारी-उपासमारीवर येऊन नेहमी अडते. नुसत्या उपासमारीने हुकूमशहा जन्माला येत असते तर आमच्या मराठवाड्यात दर तीन वर्षांनी एक हिटलर यायला हवा होता. दुष्काळाची आम्हाला काय नवलाई! पालम, गंगाखेड, लोहा या पट्ट्यातल्या माणसाने सुगीपेक्षा तंगीच जास्त पाहिली आहे. तरी तसे रोज घडत नाही. घडते तेव्हा मात्र ते भुकेच्या आसपासच घडते. हे कोडे काय आहे, ते आपल्याच घराजवळच्या दाखल्यावरून बघावे म्हणून हा लेख.

आधी जर्मनीचे चार आकडे सांगतो, कारण ते बोलके आहेत. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क पडत होते. आयुष्यभराच्या बचतीत पाव विकत मिळेना. त्याच महिन्यात हिटलरने म्युनिकमध्ये बंडाचा प्रयत्न केला आणि तो फसला. पुढे नाणे स्थिर झाले, अमेरिकेचे कर्ज आले, कारखाने चालू झाले. मे १९२८ च्या निवडणुकीत नाझी पक्षाला मते पडली २.६ टक्के. शंभरात तीनसुद्धा नाहीत! मग १९२९ ची मंदी आली. सप्टेंबर १९३० मध्ये १८.३ टक्के आणि जुलै १९३२ मध्ये ३७.३ टक्के. १९३२ च्या सुरुवातीला तिथे साठ लाखांवर लोक बेकार होते. म्हणजे मंदी आणि मते यांचा संबंध उघड आहे.

पण १९३३ मध्ये अमेरिकेतही चारांतला एक कामगार घरी बसला होता. त्यांनी रूझवेल्टला निवडून दिले. स्वीडनमध्ये त्याच वर्षी कामगारांचा पक्ष आणि शेतकऱ्यांचा पक्ष यांनी करार केला. तुम्ही आमच्या शेतमालाला भाव द्या, आम्ही तुमच्या बेकारांच्या कामाला मंजुरी देतो, असा साधा व्यवहार. तिथले लोक त्याला 'गायीचा सौदा' म्हणत. मंदी सगळीकडे तीच होती, वाटा निरनिराळ्या निघाल्या.

आणखी एक गोष्ट पाठ्यपुस्तकात येत नाही. जर्मनीत हिटलरकडे गेले कोण? ज्याची नोकरी गेली होती तो कारखान्यातला कामगार जास्त करून कम्युनिस्टांकडे वळला किंवा आपल्या जुन्या समाजवादी पक्षातच राहिला. नाझींकडे मोठ्या संख्येने गेला तो छोटा शेतकरी, दुकानदार, कारागीर, कारकून, बचत बुडालेला पेन्शनर. उत्तरेकडच्या श्लेस्विग-होल्श्टाइन या गुरे पाळणाऱ्या शेतकऱ्यांच्या प्रांतात कर्जापायी शेतांचे लिलाव होऊ लागले होते. तिथे जुलै १९३२ मध्ये नाझींना ५१ टक्के मते पडली. हा माणूस उपाशी नव्हता. तो घसरणीला लागला होता. आपण आता मजुराच्या रांगेत जाऊन उभे राहणार, या धास्तीने त्याची झोप उडाली होती. ज्याच्याजवळ काहीच नाही त्याची भूक आणि ज्याचे थोडे आहे ते जायला लागले आहे त्याची भीती, या दोन गोष्टी एकच नव्हेत. आमच्याकडे काय झाले ते समजायला हा फरक फार उपयोगी पडतो.

आता मोगलाईत येऊ या. आमची जुनी माणसे निजामाच्या राज्याला मोगलाईच म्हणत आणि विदर्भाला इंग्रजी मुलूख. हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या १९४१ मध्ये एक कोटी साठ लाखांच्या पुढे होती. त्यात मराठवाड्याचे पाच जिल्हे होते: औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद. संस्थानातली सुमारे दहावा हिस्सा जमीन 'सर्फ-ए-खास', म्हणजे खुद्द निजामाच्या खाजगी खर्चासाठी. जवळजवळ तिसरा हिस्सा जहागीरदारांचा. उरलेली सरकारी, दिवाणी. फेब्रुवारी १९३७ मध्ये 'टाइम' या अमेरिकन साप्ताहिकाने मुखपृष्ठावर निजामाचे चित्र छापले, जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून. त्या जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसाच्या प्रजेत आमचे आजोबा होते.

परभणी-नांदेडचा पट्टा कापसाचा. काळी जमीन, गोदावरीचे खोरे, आणि १९०० साली मनमाड-सिकंदराबाद रेल्वे झाल्यामुळे कापूस मुंबईपर्यंत जाऊ लागलेला. रोकड पिकाची एक गंमत असते. भाव असतो तेव्हा सावकार स्वतः घरी येऊन कर्ज देतो. १९२९ नंतर जगभर कापसाचे भाव कोसळले. सारा तेवढाच, व्याज तेवढेच, कापसाचे पैसे मात्र निम्म्यावर. जे कर्ज आधी दोन गाठींनी फिटले असते त्याला आता चार लागू लागल्या. सवाई-दिढीने घेतलेले धान्य फिटता फिटेना. वावरे सावकाराच्या नावावर चढू लागली. जर्मनीतला तो गुरे पाळणारा शेतकरी आणि आमचा काळ्या रानातला कुणबी एकाच मंदीच्या पाण्यात बुडत होते. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता एवढेच.

त्यावर युद्ध आले. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला, तिकडचा तांदूळ बंद झाला. धान्याचे, कापडाचे भाव दुप्पट-तिप्पट झाले. रॉकेल मिळेना. संस्थानात सक्तीची लेव्ही सुरू झाली. लेव्ही हा शब्द आमच्या भागात अजून जुन्या बायकांच्या तोंडी आहे. इतक्या जमिनीमागे इतके धान्य सरकारने ठरवलेल्या भावाने घालायचे. पैसे हाली शिक्क्यात, तेही मिळतील तेव्हा. (ज्यांनी हाली नाणे पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो, सहा कलदार रुपयांना सात हाली रुपये असा साधारण हिशेब होता.) कागदावर मोठ्या शेतकऱ्याने जास्त आणि लहानाने कमी द्यायचे होते. प्रत्यक्षात मोठ्याच्या ओसरीवर गिरदावराचा चहा होई आणि लहानाच्या घरात उतरंडी तपासल्या जात.

आमच्या आजोबांचे एक पेव होते. पेव म्हणजे जमिनीखालचे धान्याचे कोठार. तोंड लहान, पोट मोठे, आत कडबा आणि वरून माती. ते पेव त्यांनी एका रात्रीत बुजवून वर गुरांचा गोठा केला. लेव्हीवाले आले, शेणात काठी खुपसून गेले. त्या वर्षी घरात ज्वारी राहिली. शेजारच्या घरात राहिली नाही. त्या घरातला कर्ता पुरुष पुढे सालगडी म्हणून राबला. ते घर मुसलमानाचे होते, पिंजाऱ्याचे. दोन एकर जमीन, कापूस पिंजण्याचा धंदा आणि घरात सहा पोरे. हे मी मुद्दाम सांगतो आहे. लेव्ही मागायला आलेला माणूस मुसलमान होता, हे आमच्या घरात पुढे पन्नास वर्षे सांगितले गेले. लेव्हीने बुडालेला शेजारीही मुसलमान होता, हे मला आजीने एकदाच सांगितले, तेही मी विचारले म्हणून.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची मेख इथे आहे. संस्थानात मुसलमान लोकसंख्या शंभरात बारा-तेरा. पण पोलीस, फौज, कचेऱ्या यांत भरणा त्यांचा. सावकारी, व्यापार आणि बरीचशी देशमुखी हिंदूंकडे. आमच्या गरीब माणसाला मुसलमान भेटे तो जमादाराच्या, गिरदावराच्या रूपात. तिकडच्या गरीब मुसलमानाला हिंदू भेटे तो सावकाराच्या, अडत्याच्या रूपात. दोघांनाही एकमेकांचा गरीब दिसत नव्हता. आणि दोघांच्या डोक्यावर सर्फ-ए-खास, जहागिरी, देशमुखी असा जो ढीग होता, तो इतका उंच होता की मान वर केल्याशिवाय दिसत नसे. मान वर करायची आमच्याकडे रीत नव्हती.

याच राज्यात, याच लेव्हीच्या काळात, तेलंगणात वेगळे घडले. तिथले देशमुख फारच जबर. हजारो एकर जमीन, आणि 'वेट्टी' म्हणजे फुकटची बिगारी. आंध्र महासभा आणि कम्युनिस्ट यांनी तिथल्या कुळांना सांगितले, तुझ्या भुकेचे कारण जमीन आहे, वेट्टी आहे. ४ जुलै १९४६ रोजी कडवेंडी गावात दोड्डी कोमरय्या जमीनदाराच्या माणसांच्या गोळीने मारला गेला आणि बंड पेटले. ते पुढे १९५१ पर्यंत चालले. त्यातही रक्तपात झाला, कम्युनिस्टांनीही माणसे मारली, ते झाकण्याचे कारण नाही. पण त्या बंडात मकदूम मोहिउद्दीन यांच्यासारखा उर्दू कवी पुढारी होता आणि हिंदू देशमुखाविरुद्ध हिंदू कूळ उभे होते. तिथे लोकांनी मान वर केली होती.

शहरांत आणि तालुक्याच्या गावांत दुसरे उत्तर दिले जात होते. मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन ही संघटना १९२७ पासूनची. बहादूर यार जंग हे तिचे मोठे वक्ते. त्यांनी मांडले की राज्याचा मालक एकटा निजाम नाही, प्रत्येक मुसलमान या सत्तेचा भागीदार आहे. आता बघा, टांग्यावाला, पिंजारी, कचेरीतला चपराशी, यांच्या पदरात यातून एक दाणासुद्धा पडला नाही. पण आपण मालक आहोत ही भावना मात्र मिळाली. ज्याच्याजवळ दुसरे काही नाही त्याला ती फार मोठी वाटते. जर्मनीतल्या कर्जबाजारी दुकानदाराला 'तू श्रेष्ठ वंशाचा' असे सांगितले गेले, त्यातलाच हा प्रकार. यात खर्च काहीच येत नाही.

बहादूर यार जंग १९४४ मध्ये वारले. १९४६ मध्ये सूत्रे कासिम रझवी यांच्याकडे आली. हे गृहस्थ अलीगढला शिकलेले आणि वकिली करत होते आमच्या लातूरला. रझाकार या स्वयंसेवक दलाची त्यांनी फौज केली. गणवेश, कवायत, नेत्याच्या नावाने शपथ, हत्यारे. भरती कुणाची? युद्ध संपल्यावर रिकामे झालेले तरुण होते. मध्य प्रांत, वऱ्हाड वगैरे भागांतून १९४७ च्या दंगलीत घरदार सोडून आलेले निर्वासित होते. संस्थान भारतात गेले तर आपली नोकरी जाणार, या धास्तीने ग्रासलेल्या कारकुनांची आणि शिपायांची पोरे होती. श्यामसुंदर यांच्यासारखे काही दलित पुढारीही इत्तेहादच्या बाजूने उभे राहिले. डॉ. आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये संस्थानातल्या दलितांना निजामाच्या बाजूने जाऊ नका असे बजावले. पण ज्याला गावातल्या आडावर पाणी भरू दिले जात नव्हते, त्याला गावाविरुद्ध उभा करणे कुणाला कठीण गेले नसेल. त्याचा जाब गावाने कधी स्वतःला विचारला नाही.

पैशाचे काय? रझाकारी फक्त भुकेल्यांनी चालवली असे मानणे भोळेपणाचे होईल. भुकेला माणूस बंदूक विकत घेत नाही. ज्यांच्या जहागिऱ्या, ज्यांचे हुद्दे, ज्यांचे मक्ते संस्थानाच्या स्वतंत्रपणावर टिकून होते, त्यांना हे दल सोयीचे होते. इटलीत १९२१-२२ मध्ये पो नदीच्या खोऱ्यातल्या जमीनदारांनी शेतमजुरांचे संघ मोडायला मुसोलिनीच्या टोळ्यांना हाताशी धरले, तशीच ही सोय. आणि तिथल्यासारखेच इथेही पुढे कुत्र्याने मालकालाच ओढत नेले. २७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटे निजामाचे शिष्टमंडळ करारासाठी दिल्लीला निघणार होते. रझाकारांच्या जमावाने पंतप्रधान छत्तारीचे नवाब, सर वॉल्टर माँक्टन आणि सर सुलतान अहमद यांच्या घरांना वेढा घातला. शिष्टमंडळ निघू शकले नाही. छत्तारी पायउतार झाले आणि मीर लायक अली हे कारखानदार पंतप्रधान झाले. २९ नोव्हेंबरला 'जैसे थे' करार झाला खरा, पण राज्य कुणाचे चालते ते त्या पहाटे ठरून गेले होते. मुसोलिनीच्या १९२२ च्या रोमवरच्या मोर्चाची ही छोटी आवृत्ती.

याला फॅसिझम म्हणावे का, असा प्रश्न मला एका प्राध्यापक मित्राने विचारला होता. काटेकोर बोलायचे तर नाही. वर सरंजामी राजा होता, खाली निवडणुका नव्हत्या, आणि मोठा औद्योगिक समाजही नव्हता. पण खाजगी फौज, एका जमातीची मालकी, रस्त्यावरची दहशत, पोलिसांची डोळेझाक, आणि आपल्यातल्याच वेगळे बोलणाऱ्याला सर्वांत आधी संपवणे, ही घडण तीच. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात विलीन होण्याची बाजू घेतली. ऑगस्ट १९४८ मध्ये रात्री घरी परतताना त्यांचा खून झाला. १७ सप्टेंबरला शाळेत झेंडावंदनाच्या वेळी मी भाषण करी तेव्हा स्वामी रामानंद तीर्थ आणि गोविंदभाई श्रॉफ यांच्याबरोबर हे तिसरे नाव घेत असे. स्वामीजींचे एक विशेष वाटते, हे आंदोलन चालवणारा माणूस मुळात शिक्षक होता. हिप्परग्याची शाळा, मग अंबाजोगाईची.

रझाकारीतली गावोगावची वर्णने इथे देत नाही. लूट, जाळपोळ, खून, बायांची विटंबना, सगळे झाले. आमच्या भागातली कितीतरी कुटुंबे बैलगाड्या जुंपून नदी ओलांडून उमरखेड-पुसदकडे, इंग्रजी मुलुखात गेली. पण एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९४८ मध्ये भारताने संस्थानाचा व्यापार आवळला. मीठ, औषधे, पेट्रोल, यंत्रांचे भाग मिळेनात. उद्देश निजामावर दाब आणण्याचा होता. निजामाच्या जेवणातले मीठ काही कमी झाले नाही. कमी झाले ते गरिबाच्या कोरड्यासातले. आणि जसजशी तंगी वाढली तसतसा रझाकारांचा आवाजही वाढला, कारण आता त्यांना हातात आयता पुरावा मिळाला, 'बघा, दिल्ली तुम्हाला उपाशी मारते आहे.' तंगीमुळे लोक राज्यकर्त्यावर उठतील हा हिशेब नेहमी बरोबर येत नाही. लोकांना त्या तंगीचे कारण कोण सांगतो, त्यावर ते असते.

१३ सप्टेंबर १९४८ ला फौजा आत आल्या, १७ ला निजामाने शस्त्रे खाली ठेवली. पाच दिवसांत सारे आटोपले. गावोगाव गुढ्या उभ्या राहिल्या. माझा जन्म त्यानंतरचा, पण तो आनंद घरात इतक्या वेळा ऐकला आहे की मी स्वतः पाहिल्यासारखा वाटतो. खराच आनंद होता तो.

यापुढचे मात्र झेंडावंदनाच्या भाषणात कधी येत नाही. पोलीस ॲक्शननंतरच्या दिवसांत गावोगाव मुसलमानांच्या कत्तली झाल्या. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना सरकारने पाहणीसाठी पाठवले. ते नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये नऊ जिल्हे फिरले. त्यांच्या अंदाजाप्रमाणे संस्थानभर २७ ते ४० हजार माणसे मेली. सर्वांत जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या जिल्ह्यांना. पालमहून नांदेडची हद्द किती लांब आहे ते नकाशात बघा. हा अहवाल कितीतरी वर्षे दडून राहिला, अलीकडे २०१३ च्या सुमारास लोकांना वाचायला मिळाला. मुसलमान शेजाऱ्यांना घरात लपवून वाचवणारे हिंदूही होते, तेही त्यात नोंदलेले आहे.

मेले कोण? रझाकारांतले पुढारी बरेचसे पळाले किंवा पकडले गेले. कासिम रझवींना शिक्षा झाली, १९५७ मध्ये सुटले, कराचीला गेले आणि १९७० मध्ये तिथे वारले. निजाम राजप्रमुख झाला आणि वर्षाला पन्नास लाखांचा तनखा घेऊ लागला. जो शिखरावर बसला होता त्याचे सर्वांत कमी गेले. गावात राहिला तो पिंजारी, अत्तार, मुलाणी. रझाकार कोण आणि शेजारी कोण हे पाहायला कुणी थांबले नाही. त्यात सूड होता, पण सगळाच सूड नव्हता. जुनी माणसे खाजगीत सांगत की काहींचे देणे त्या आठवड्यात 'फिटले' आणि काहींच्या बांधाच्या खुणा हलल्या. आमच्या शेजारचे पिंजाऱ्याचे घर वाचले. आजीने त्या घरातल्या बायकांना त्या गोठ्यात, बुजवलेल्या पेवावर, चार रात्री ठेवले होते.

आता थोडे पुढे. १९७२ चा दुष्काळ मी स्वतः पाहिला, ऐन विशीत. कॉलेजच्या सुटीत मीही खडी फोडली आहे. अमेरिकेहून आलेली लाल मिलो आणि डब्यातली सुकडी खाल्ली आहे. गावातले जमीनवाले पाटीलही तोंडाला उपरणे बांधून हातोडा घेऊन बसत. भूक म्हणाल तर १९४८ पेक्षा कमी नव्हती. तरीही कुणी टोळ्या काढल्या नाहीत, कुणाची घरे जाळली नाहीत. का? कारण हाताला काम होते. मे १९७३ च्या सुमारास महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती. डाव्या पक्षांचे मोर्चे निघत, मागणी असे कामाची, मजुरीची आणि धान्याची. राग कुठे न्यायचा तो पत्ता लोकांजवळ होता: तहसील कचेरी. वि. स. पागे यांनी पुढे रेटलेली रोजगार हमी यातूनच उभी राहिली. तिच्यासाठी १९७५ पासून व्यवसाय कर आला. पुढे माझ्या पगारातूनही तो दरमहा कापला जाई. शिक्षकांच्या खोलीत त्याबद्दल पुष्कळ कुरकुर होई. मी कुरकुर केली नाही, कारण तो पैसा कुठे जातो ते मी हातोडा धरून पाहिले होते.

पण सहाच वर्षांनी उलटे चित्र दिसले. दुष्काळातून निघालेल्या घरांतली पहिली पदवीधर पिढी नोकऱ्या शोधत होती आणि नोकऱ्या नव्हत्या. १९७४ च्या विकास आंदोलनात, जे वसमतच्या गोळीबारानंतर मराठवाडाभर पेटले, मागणी रेल्वेची, कारखान्यांची, नोकऱ्यांची होती. बरोबर मागणी. त्यातले फारसे पदरात पडले नाही. मग २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि गावोगाव दलितांच्या वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांना जिवे मारले. आपली नोकरी पाटीवर येणाऱ्या नावामुळे गेली, असे शिकलेल्या मुलांना खरेच वाटत होते! ज्याच्याजवळ नोकरीही नव्हती आणि जमीनही नव्हती, त्याची झोपडी जाळून कोणत्या कारखान्याचे धुराडे पेटणार होते? याला फॅसिझम म्हणायचे की नाही ते विद्वानांनी ठरवावे. इथेही दोन एकरवाला घाबरला होता आणि त्याच्याहून खालच्याचे घर जळले. जातीचा जुना माज त्यात होताच, नुसत्या बेकारीवर सगळे ढकलून देणे मला मान्य नाही. पण बेकारी नसती तर त्या माजाला इतके हात मिळाले नसते. नाव द्यायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले.

हल्ली मी सकाळी मोंढ्याकडे चक्कर मारतो. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि मोंढ्यातला भाव बहुतेक त्याच्या खालीच राहिला. चहाच्या टपरीवर बसलेला एक तरुण, माझ्या विद्यार्थ्याचा मुलगा, पदवीधर, स्पर्धा परीक्षा देऊन थकलेला. त्याने मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. आपली ही अवस्था अमक्या लोकांमुळे झाली, असे त्यात एक माणूस ओरडून सांगत होता. कुठले लोक ते लिहीत नाही, दर महिन्याला व्हिडिओतले लोक बदलतात. व्हिडिओ होता एक मिनिटाचा. मी त्याला म्हणालो, "बाबा, आपला देश निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. बाहेरच्या तेलावर जकात किती, ती कधी वाढवली, कधी कमी केली, ते बघ. मग सोयाबीनच्या पेंडीला बाहेर गिऱ्हाईक आहे का ते बघ. ब्राझीलमध्ये पीक किती आले ते बघ. मग आपल्या इथे खरेदी केंद्र कधी उघडले आणि ओलाव्याच्या नावाखाली किती माल परत पाठवला..."

तो ऐकत होता, मोठा गुणी मुलगा आहे. पण मी पेंडीपर्यंत आलो तोवर त्याचा चहा संपला होता. "गुरुजी, हे जरा लिहून देता का?" म्हणाला. दोन पाने लिहून ठेवली आहेत. आला की देईन.